नियत दिन

आजीला तारीख विचारून काही उपयोग नसे. "तू झालास तेव्हा अनारशाच्या तांदळाचं दुसरं पाणी बदललं होतं," एवढंच ती सांगायची. दिवाळी आठवड्यावर आलेली. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी पितळेच्या गंजात तांदूळ भिजत पडलेले. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून पंचावर पसरायचे आणि दमट असतानाच कांडून गुळात मळून ठेवायचे. नेमक्या मधल्या दिवशी आईला दवाखान्यात न्यावं लागलं. तिसरं पाणी बदलायला घरात कोणी उरलं नाही. त्या वर्षी तुपात सोडलेला प्रत्येक अनारसा हसला, म्हणजे फुटून चुरा होऊन कढईभर पसरला, आणि तो दोष आजीने जन्मभर माझ्या नावावर मांडला.

दवाखान्याच्या कागदावर मात्र लिहिलंय: १ नोव्हेंबर १९६१, बुधवार.

मराठी घरात माणसाला दोन वाढदिवस असतात, एक तिथीचा आणि एक तारखेचा. रायपुरात त्यात आणखी एक गुंता आहे. आमच्या स्वयंपाकघरात 'कालनिर्णय' टांगलेलं असतं आणि बाहेरच्या खोलीत जबलपूरचं 'लाला रामस्वरूप'. दोन्हींत अमावास्या एकाच दिवशी येते, पण महिन्याचं नाव जुळत नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. त्यामुळे दिवाळीआधीचा जो पंधरवडा आजीच्या लेखी आश्विन वद्य, तोच शेजारच्या काकींच्या लेखी कार्तिक कृष्ण. आजी मला आश्विनातला म्हणायची. काकी म्हणायच्या, "कातिक के लइका." एकाच मुलाचा जन्म भिंतीच्या अलीकडे एका महिन्यात आणि पलीकडे दुसऱ्याच महिन्यात झालेला.

तारखेचं वेड लागलं ते वर्तमानपत्रामुळे. बाबा नागपूरहून येणारं एक मराठी पत्र घेत. ते रायपूरला पोचेपर्यंत शिळं होई, म्हणून १ नोव्हेंबरचं 'दिनविशेष' आमच्या हाती २ तारखेला पडायचं. वाढदिवस उलटून गेल्यावर त्या दिवशी जगात काय काय झालं होतं ते कळायचं. मी ते कापून एका वहीत चिकटवायचो. ती वही अजून आहे, पानं पिवळी पडलीत आणि गोंदाचे डाग अक्षरांपेक्षा गडद झालेत.

वहीत पहिल्या काही वर्षांत साधारण कोणालाही मिळेल तो माल आहे. १७५५ मध्ये या दिवशी लिस्बन भूकंपाने कोसळलं. सर्व संतांचा सण होता, चर्चमध्ये गर्दी होती, मेणबत्त्यांनी आगी लावल्या आणि मागून समुद्र आत आला. १८५८ मध्ये याच दिवशी लॉर्ड कॅनिंगने अलाहाबादेत राणीचा जाहीरनामा वाचला आणि कंपनी सरकार संपलं. पुढे क्रिकेटवाला लक्ष्मण सापडला, १ नोव्हेंबर १९७४. मग ऐश्वर्या राय, १ नोव्हेंबर १९७३, मंगळूर. तिच्या बाबतीत एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. ती जन्मली त्याच दिवसापासून म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं. आणि लक्कदिव, मिनिकॉय, अमीनदीवी अशा लांबलचक नावाची बेटंही त्याच दिवसापासून लक्षद्वीप झाली. म्हणजे ती बाई आणि तिच्या राज्याचं नाव वयाने तंतोतंत सारखे आहेत.

आता हा योगायोग म्हणायचा का? गणिताने पाहिलं तर तारखा जुळणं ही फार मोठी गोष्ट नाही. एका खोलीत २३ माणसं जमली तर त्यांतल्या कोणा दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता ५० टक्क्यांवर जाते, ५७ माणसं असली तर ९९ टक्क्यांवर. इतिहासात नोंदलेल्या घटना हजारो आणि त्या मांडायला कप्पे फक्त ३६६. कुठलाही कप्पा उघडा, एखादी लढाई, एखादा जन्म, एखादा भूकंप हाताला लागणारच. दिनविशेषाचं सदर चालवणाऱ्या उपसंपादकाला म्हणून कधी उपास घडत नाही.

पण माझ्या कप्प्यात एकाच जातीचा माल फार होता. १ नोव्हेंबर १९५४: पाँडिचेरी, कारिकल, माहे आणि यानम फ्रेंचांकडून भारताच्या ताब्यात. १ नोव्हेंबर १९५६: राज्य पुनर्रचना, केरळ, आंध्र प्रदेश, नवं म्हैसूर, नवं मध्यप्रदेश. १ नोव्हेंबर १९६६: हरियाणा वेगळं, पंजाब नवं, चंदीगड केंद्राकडे. १ नोव्हेंबर १९७३: कर्नाटक. १ नोव्हेंबर २०००: छत्तीसगड. इतक्या शिस्तीने योगायोग येत नाहीत. ही तारीख कोणीतरी पुन्हा पुन्हा नेमत होतं.

नेमणं हा इथला नेमका शब्द आहे. मी नोकरी केली सिंचन खात्याच्या लेखा शाखेत, त्यामुळे कायद्याची भाषा वाचायची सवय. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६, याच्या दुसऱ्याच कलमात व्याख्या आहेत. हिंदी प्रतीत 'नियत दिन' असा शब्द येतो: नियत दिन म्हणजे १ नोव्हेंबर १९५६. का, ते त्या व्याख्येत नाही. संसदेने कायदा केला ३१ ऑगस्टला, मध्ये दोन महिने ठेवले. १९६६ च्या पंजाबच्या कायद्यातही दिनांक असाच छापलेला आहे. २००० सालच्या मध्यप्रदेश पुनर्रचनेच्या कायद्यात मात्र तारीख नाही. केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून जो दिवस नेमील तो नियत दिन, एवढंच म्हटलंय. दिवस नंतर ठरला आणि जुनाच ठरला, कारण मूळ राज्याचा स्थापना दिवसही तोच. लेकीने आईच्याच तारखेला वेगळी चूल मांडली.

त्याच महिन्यात आणखी दोन राज्यं झाली. उत्तरांचल ९ नोव्हेंबरला, झारखंड १५ नोव्हेंबरला. झारखंडची तारीख बिरसा मुंडांच्या जन्मदिवसावर ठेवलेली आहे. तिथे राज्याने आपला वाढदिवस एका माणसाकडून घेतला. आमच्याकडे फाइलीतून आला. मला यात कमीपणा वाटत नाही. आयुष्यभर फाइलींवर जगलेला माणूस मी.

१ नोव्हेंबर १९५६ ला गुरुवार होता आणि नरक चतुर्दशी. लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी. माझे थोरले काका तेव्हा नागपूरच्या सचिवालयात लिपिक होते. घरात त्यांची गोष्ट दर दिवाळीला सांगितली जायची: पहाटे उटणं लावून अभ्यंगस्नानाला बसले तेव्हाच ते मुंबई राज्याचे नोकर झालेले होते. आदल्या रात्री झोपले ते मध्यप्रदेशचे. सचिवालयातल्या लोकांचं 'ॲलोकेशन' झालं होतं. कोणी भोपाळला, कोणी मुंबईला. काकांच्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ भोपाळला गेले, त्यांची शाईची दौत काकांकडे राहिली आणि ती दौत पुढे माझ्या चुलतभावाने शाळेत फोडली.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे थोडं उलगडून सांगायला हवं. आज मध्यप्रदेश म्हटलं की भोपाळ आठवतं. पण २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत त्याच नावाचं दुसरंच एक राज्य होतं. जुन्या 'सी. पी. अँड बेरार'चं ते नवं नाव. राजधानी नागपूर. त्यात विदर्भाचे आठ जिल्हे, जबलपूर-सागरकडचा महाकोशल, आणि आमचं छत्तीसगड. इंदूर, ग्वाल्हेर, रीवा, खुद्द भोपाळ, यांतलं काहीही त्यात नव्हतं. १९५० च्या कायद्याने त्या राज्याच्या राजभाषा दोन ठरल्या होत्या, हिंदी आणि मराठी. रायपूरच्या माणसाला सरकारदरबारी मराठीत लिहिण्यात काही विशेष वाटायचं नाही, कारण सरकारच अर्धं मराठी होतं.

फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ ला अहवाल दिला, त्यात विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं. ते झालं नाही. आठही जिल्हे थोरल्या द्विभाषिक मुंबईत गेले, मराठवाडाही तिकडेच आला, सौराष्ट्र आणि कच्छही. यशवंतराव चव्हाणांनी त्या द्विभाषिकाच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली ती १ नोव्हेंबरलाच. मराठी माणसाला हा दिवस आठवत नाही, आठवायचं कारणही नाही. जे राज्य नको म्हणून माणसं रस्त्यावर उतरली होती, त्याचा वाढदिवस कोण करणार? महाराष्ट्राची तारीख १ मे.

इकडे राहिलेल्या चौदा हिंदी जिल्ह्यांना मध्यभारत, विंध्यप्रदेश आणि भोपाळ जोडलं आणि नाव ठेवलं पुन्हा मध्यप्रदेश. मुख्यमंत्रीही तेच, रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल, ३१ ऑक्टोबरला नागपूरचे आणि १ नोव्हेंबरला भोपाळचे. ३१ डिसेंबरला ते वारले. नव्या राज्यात त्यांना दोन महिने मिळाले. राज्यपालही तेच राहिले, पट्टाभि सीतारामय्या. हे गृहस्थ १९४८ च्या जे. व्ही. पी. समितीतले पी. जवाहरलाल, वल्लभभाई आणि पट्टाभि या तिघांनी तेव्हा भाषावार राज्यांची घाई नको असा सल्ला दिला होता. आठ वर्षांनी भाषेच्या नावाने कापलेल्या राज्याला शपथ देणं त्यांच्याच वाट्याला आलं.

त्या रात्री सर्वांत सरळ रेषेत हललेला माणूस म्हणजे न्यायमूर्ती हिदायतुल्ला. रायपूरच्या सरकारी शाळेतून १९२२ साली मॅट्रिक झालेले, पुढे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले. ३१ ऑक्टोबरला ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, १ नोव्हेंबरला जबलपूरला नव्या मध्यप्रदेशच्या उच्च न्यायालयाचे. नागपूरचं उच्च न्यायालय १९३६ सालचं, ते वीस वर्षं जगलं आणि मुंबईचं खंडपीठ होऊन राहिलं. हिदायतुल्ला पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, उपराष्ट्रपती झाले, दोनदा काही दिवस राष्ट्रपतिपदही सांभाळलं. आज रायपूरला त्यांच्या नावाचं विधी विद्यापीठ आहे. तिथल्या पोरांना ते नागपूरचे होते असं सांगितलं की ती चकित होतात.

नागपूर आम्हाला तीनशे किलोमीटरच्या आत. भोपाळ दुपटीहून लांब. गंमत म्हणजे छत्तीसगड एक्स्प्रेसने भोपाळला जायचं तर आजही गाडी नागपूरवरूनच जाते. बाबा कामासाठी भोपाळला निघाले की आई डब्यात काकांसाठी वेगळी पुडी बांधायची आणि काका नागपूर स्टेशनवर ती घ्यायला येत. नव्या राजधानीला जाताना जुन्या राजधानीत गाडी काही मिनिटं थांबते, तेवढ्यात दोन्ही भाऊ घरच्या जमिनीचं भांडण पुढे सरकवत.

हे एवढं लिहून रायपूरच्या मराठी माणसांवर अन्याय झाला असं सुचवायचं नाही. उलट या शहराने मराठी माणसाला फार सहज पोटात घेतलं. भोसल्यांचं राज्य इथे १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने आलं. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरात बसून राज्य करत होते. १८५४ मध्ये नागपूर खालसा झालं तेव्हा हा मुलूखही कंपनीकडे गेला, आणि चारच वर्षांत, माझ्या वहीतल्या त्या १ नोव्हेंबर १८५८ ला, राणीकडे. माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं ते हिंदीत. त्यांनीच 'दासबोध' आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. त्यांच्या पत्राचे प्रकाशक वामन बळीराम लाखे. रायपुरातलं लाखेनगर त्यांच्या नावाचं. सप्रे रायपूरलाच वारले, १९२६ मध्ये. १९३५ सालचं महाराष्ट्र मंडळ अजून चौबे कॉलनीत गणपती बसवतं. राजभाषा गेली तरी मोदक राहिले. मात्र आमच्या मुलांच्या मराठीत 'मी विचार करून राहिलो' आणि 'सोच रहा था' यांचं जे लग्न लागलं, त्याची मुहूर्तमेढ त्याच गुरुवारची.

एका १ नोव्हेंबरला मी बेळगावात होतो. मेहुणीच्या सासरी काही कार्य होतं. सकाळी यजमानांनी चहा देताना विचारलं, "प्रवास कसा झाला?" मी भाबडेपणाने म्हणालो, "उत्तम. आणि आज माझा वाढदिवस." ते थांबले. त्यांच्या दंडावर काळी फीत होती. "इथे आजच्या दिवशी कोणी अभिनंदन करत नाही, भावजी," ते म्हणाले, आणि मग आत जाऊन बायकोला शिरा करायला सांगितला. दुपारपर्यंत रस्त्याच्या एका अंगाने लाल-पिवळे झेंडे लावलेल्या गाड्या राज्योत्सवाला जात होत्या आणि दुसऱ्या अंगाने काळे झेंडे घेतलेली माणसं सायकलींवरून, मोटरसायकलींवरून काळ्या दिनाच्या फेरीला. एकीकरण समिती १९५६ पासून ही फेरी काढते. त्याच कायद्याने बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरला गेला. एक चंदगड तालुका तेवढा कलमात वगळला गेला, म्हणून चंदगडची माणसं आज कोल्हापूरची आहेत. कायद्याच्या मसुद्यात दोन-तीन शब्दांचा अपवाद, आणि त्या अपवादाच्या अलीकडे राहणाऱ्याचा १ नोव्हेंबर नुसता कॅलेंडरातला दिवस, पलीकडे राहणाऱ्याचा सुतकाचा.

संध्याकाळी मला शिरा मिळाला. वर काजू होते. यजमानांनी फीत काढली नव्हती.

तमिळनाडूने तर हा दिवस आधी घेतला आणि नंतर परत केला. काही वर्षं १ नोव्हेंबर 'तमिळनाडू दिन' होता. २०२१ मध्ये सरकारने तो १८ जुलैला नेला, कारण १९६७ मध्ये मद्रासचं नाव तमिळनाडू करण्याचा ठराव त्या दिवशी झाला होता. राजस्थानचीही आजची सीमा १९५६ च्या १ नोव्हेंबरला पुरी झाली, तरी ते वर्षानुवर्षं ३० मार्च धरून बसले होते. वाढदिवस बदलायची सोय राज्यांना आहे. माणसांना नाही, असं मी म्हणणार होतो, पण ते खरं नाही.

बाबांची शाळेतली जन्मतारीख १ जुलै १९२६. आजीच्या हिशेबाने ते माघातले. शाळेत नाव घालायला आजोबा गेले तेव्हा तारीख सांगता येईना. गुरुजींनी वर्ष अदमासे धरलं आणि सत्र सुरू होतं ती तारीख टाकली. आपल्या महाराष्ट्रात याच न्यायाने १ जून फोफावला. मागच्या पिढीतल्या कुठल्याही दहा निवृत्त मंडळींना विचारा, दोघंतिघं १ जूनची निघतील. हल्ली आधार कार्डांवर १ जानेवारीची गर्दी दिसते, कारण नुसतं वर्ष ठाऊक असलं की यंत्र पहिली तारीख भरतं. हे सगळे नियत दिनच. फरक इतकाच की ते संसदेऐवजी हेडमास्तरांनी नेमले.

सरकारी नियमाची आणखी एक तऱ्हा आहे. ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, तो निवृत्त होतो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. बाबा ३० जून १९८४ ला निवृत्त झाले. त्यांच्या कचेरीत त्या दिवशी निरोपसमारंभांची रांग लागली होती, कारण गुरुजींची कृपा अनेकांवर झालेली. हार कमी पडले म्हणून एकाचा काढून दुसऱ्याला घातला. मी ३१ ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झालो, वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी. जुनी राज्यंही ३१ ऑक्टोबरलाच निवृत्त झाली होती, हे भाषणात सांगायचं मी ठरवलं होतं. पण माइक बिघडला आणि समोसे आले.

तारखांबद्दल एक सावधगिरी मात्र दिनविशेषवाल्यांनी बाळगायला हवी. माझ्या एका पुतण्याचा जन्म १९ फेब्रुवारीचा. शिवजयंती! घरात केवढा अभिमान. पण शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या ज्युलियन पंचांगाची तारीख. इंग्रजांनी नवं ग्रेगोरियन पंचांग १७५२ मध्ये घेतलं, तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर आला. आजच्या पंचांगाच्या हिशेबाने महाराजांचा जन्म १ मार्च १६३० ला येतो. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ हाही जुन्याच पंचांगाचा. पुतण्याला मी हे सांगितलं, तर वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिथी धरली तर घोळ होत नाही, हे त्यांना पटवण्यात तिसरा दिवस गेला.

कधी तारीख पक्की असते आणि बाकीचं डळमळतं. माझ्या धाकट्या बहिणीचा वाढदिवस १० डिसेंबर. ती मला लहानपणापासून हिणवते, कारण तिच्या दिवशी नोबेल पारितोषिकं वाटतात आणि १९४८ मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामाही त्याच दिवशी झाला. पण रायपूरच्या मुलीला १० डिसेंबर म्हटलं की आधी जयस्तंभ चौक दाखवतात. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह. १८५६ च्या दुष्काळात त्यांनी कसडोलच्या एका व्यापाऱ्याचं धान्याचं कोठार फोडून लोकांना वाटलं. इंग्रजांनी पकडलं, रायपूरच्या तुरुंगातून ते निसटले, पुन्हा पकडले गेले आणि १० डिसेंबर १८५७ ला त्यांना मारलं. फाशी दिलं असं बहुतेक पुस्तकं सांगतात. १९८७ च्या टपाल तिकिटावर मात्र ते तोफेपुढे बांधलेले आहेत. बहीण शाळेत असताना तिने निबंधात फाशी लिहिली, बाईंनी तिकीट दाखवून खोडली. पुढच्या वर्षी वेगळ्या बाईंनी तोफ खोडली. तारखेला दोघींनी बरोबरची खूण केली होती.

आता २००० साल. ३१ ऑक्टोबरच्या रात्री पोलिस परेड ग्राउंडकडे सगळं शहर लोटलं होतं. मी गेलो नाही. उद्यापासून आपली सेवापुस्तकं कुठल्या राज्यात जाणार या विवंचनेत आमच्या शाखेतले सगळेच होते. ॲलोकेशन हा शब्द ४४ वर्षांनी घरात परत आला होता, आणि काका तेव्हा हयात होते. त्यांनी नागपूरहून फोन केला. "घाबरू नकोस. फक्त दौत कोणाकडे ठेवून जाऊ नको." मध्यरात्री फटाके सुरू झाले. दिवाळी होऊन पाच-सहा दिवस झाले होते, तरी लोकांनी माळा राखून ठेवल्या होत्या. बायको अर्धवट झोपेत म्हणाली, "उठा, सरकारने तुमचा वाढदिवस घेतला."

नवं राज्य म्हणजे १६ जिल्हे, ९० आमदार, मुख्यमंत्री अजीत जोगी. विधानसभेला जागा नव्हती, पहिलं अधिवेशन डिसेंबरात राजकुमार कॉलेजात भरलं. उच्च न्यायालय बिलासपूरला गेलं. आणि मंत्रालय बसलं डी. के. हॉस्पिटलच्या इमारतीत. दाऊ कल्याणसिंहांच्या देणगीतून उभं राहिलेलं हे इस्पितळ. मी जन्मलो ते याच इमारतीत. आईला तिथे नेलं म्हणून तर तांदळाचं पाणी बदलायचं राहिलं.

राज्य झाल्यावर थोड्याच दिवसांत मला एक प्रस्ताव घेऊन तिथे जावं लागलं. खाटा हलवल्या होत्या, फळ्या ठोकून खोल्यांचे भाग पाडले होते, दारांवर कागद चिकटवून खात्यांची नावं लिहिली होती. भिंतींना अजून फिनाइलचा वास होता. मी बाकावर बसलो होतो तिथे वर खिळ्याला सलाइन अडकवायचा आकडा तसाच राहिला होता, त्याला कोणीतरी पिशवी लटकवली होती. प्रस्तावावर आक्षेप लागला, तो वेगळा भाग. बारा वर्षांनी मंत्रालय नव्या रायपुरात महानदी भवनात गेलं, आणि २०१८ मध्ये जुन्या इमारतीत पुन्हा रुग्णालय सुरू झालं. तिथे पुन्हा पेशंट जातात.

२०२५ च्या १ नोव्हेंबरला राज्याला पंचवीस वर्षं झाली. त्याआधी शहरभर कमानी उभ्या राहत होत्या, नव्या विधानसभेवर रोषणाईची तयारी चालू होती. मला त्या दिवशी ६४ पूर्ण झाली.

त्याच सुमारास दादाच्या एका कामासाठी घरातले सगळे जन्मदाखले काढायला लागलो. आजोबांचा नाहीच, असता तर त्यावर मध्य प्रांत असता. बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर सी. पी. अँड बेरार. दादा १९५३ चा, घरीच जन्मलेला. त्याच्या कागदावर मध्यप्रदेश. माझ्यावर मध्यप्रदेश. नातीच्या दाखल्यावर छत्तीसगड, क्यूआर कोडसकट. पाच पिढ्या, एकच तात्यापारा. दादाचा आणि माझा कागद मी कचेरीतल्या खिडकीवर शेजारी शेजारी ठेवले आणि समोरच्या तरुण मुलाला सांगितलं की यांतलं हे राज्य वेगळं आणि ते वेगळं, फॉर्ममध्ये दोन्ही एकच लिहू नका.

त्याने दोन्ही कागद उजेडाला धरून पाहिले.

"अंकल," तो म्हणाला, "दोनों में मध्यप्रदेश ही तो लिखा है."